अक्षिपात्र : डोळ्याची वेदना आणि विवेकी माणसाचे दुःख

पातंजल योगसूत्रांच्या साधनपादातील पंधराव्या सूत्रात विवेकी माणसाला सारेच दुःखरूप असते असे विधान येते, आणि त्यावरील व्यासभाष्य त्याच्या समर्थनार्थ डोळ्याचा दृष्टांत देते : लोकरीचा तंतू अंगावर इतरत्र पडला तर जाणवतही नाही, पण तोच डोळ्यात गेला की नुसत्या स्पर्शाने पीडा देतो, ज्ञानी पुरुष या डोळ्यासारखा, म्हणजे भाष्यकाराच्या भाषेत ‘अक्षिपात्रा’सारखा, असतो. वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यातही हाच दृष्टांत आढळतो. तेथे अज्ञ माणूस तळहातासारखा आणि आर्य, म्हणजे सत्याचे दर्शन झालेला साधक, डोळ्यासारखा मानला आहे. एरवी एकमेकांशी हिरीरीने वाद घालणाऱ्या दोन परंपरांना हा दृष्टांत पटला, यावरून त्याचे बळ कळते. मात्र त्यातून उभा राहणारा प्रश्न क्वचितच नीट विचारला जातो : ज्ञानाने दुःखाची जाणीव वाढत असेल, तर ती वाढलेली जाणीव आरोग्याचे लक्षण मानावी की रोगाचे?

दृष्टांतातील अवयवाकडे जवळून पाहिल्यास हा प्रश्न अधिक टोकदार होतो. डोळ्याच्या काळ्या भागावरील पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया किंवा स्वच्छमंडल, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, पण संवेदना वाहणारे मज्जातंतू त्वचेपेक्षा कितीतरी पटींनी दाट असतात. त्याचा सर्वांत वरचा पेशीस्तर पाच-सहा थरांचा असून तो खालच्या पातळ तलपटलाला सूक्ष्म बंधांनी जखडलेला असतो. तान्ह्या मुलाचे नख, कागदाची कड किंवा झाडाचे पान लागून हा स्तर खरवडला गेला, तर वरची जखम काही दिवसांत भरते, परंतु खालचे बंध पक्के होण्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. ओल्या भिंतीवर दिलेला रंग वरून एकसंध दिसावा आणि पुढे त्याचा पोपडा सुटावा, तसा हा भरलेला स्तर पुन्हा निघतो. झोपेत मिटलेल्या पापणीखाली तो किंचित फुगतो व पापणीला चिकटतो, आणि म्हणून पहाटे डोळा उघडताक्षणी जीवघेणी कळ येते, पाणी वाहू लागते, उजेड सोसत नाही आणि डोळ्यात खडा गेल्यासारखे खुपत राहते. कॉर्नियाचे वारंवार होणारे क्षरण ते हेच. काहींना तलपटलाच्या मूळच्या दोषामुळे ते कोणतीही इजा न होताही जडते.

या डोळ्यात खडा नसतो आणि लोकरीचा तंतूही नसतो. तरी वेदना खरी असते. योगदर्शनावर निराशावादाचा आरोप करणाऱ्याला येथे आयते उदाहरण मिळते, कारण विवेकी माणसाचे दुःखही असेच, बाहेर काही नसताना खुपणाऱ्या सोललेल्या मनाचे दुःख आहे, असे त्याला म्हणता येईल. आक्षेप हलका नाही. पण त्याची दुसरी बाजू वैद्यकच दाखवते : नागिणीच्या आजाराने किंवा दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्या कॉर्नियाची संवेदना बधिर होते, तेथे जखम दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही, आणि व्रण खोल जाऊन दृष्टी धोक्यात येऊ शकते. न दुखणे म्हणजे आरोग्य नव्हे. भाष्यातील ‘इतर अवयवां’सारखा सामान्य भोक्ता सुखी दिसतो तो या अर्थाने, आणि म्हणूनच त्याचे सुख हे प्रमाण मानता येत नाही. बधिर करणारे थेंब तपासणीपुरते वापरतात. ते रुग्णाच्या हाती दिले जात नाहीत, कारण वारंवार घातल्यास ते जखम भरू देत नाहीत.

भाष्यकाराने रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध या वैद्यकाच्या चार अंगांवरच संसार, त्याचे कारण, मोक्ष आणि मोक्षाचा उपाय यांची मांडणी केली आहे. पुढच्याच सूत्रावर तो म्हणतो की भूतकाळातील दुःख भोगून संपलेले असते, वर्तमानातील आपल्या क्षणापुरते भोगले जात असते, म्हणून टाळण्याजोगे, म्हणजे ‘हेय’, ते केवळ अनागत दुःख. क्षरणाचे उपचार याच तत्त्वावर चालतात. वेदना ओसरल्यावरही डोळा ओलसर ठेवणारे थेंब आणि रात्री ५ टक्के मिठाचे मलम महिनोन्‌महिने चालू ठेवतात, जेणेकरून स्तरातील जादा पाणी ओढले जाऊन बंध रुजावेत. तेवढ्याने भागले नाही तर संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात, सैल स्तर काढून टाकतात, दृष्टिरेषेपासून दूर सुईने सूक्ष्म टोचण्या करतात किंवा एक्झायमर लेसरने पृष्ठभाग घासून घेतात. हे सारे उद्याच्या पहाटेसाठी असते. रुग्ण मात्र कळ थांबली की मलम सोडतो, आणि बऱ्याचदा तेथेच फसतो.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचा आरंभच असे लौकिक उपाय निश्चित नसतात आणि कायमचेही नसतात या आक्षेपाने होतो. क्षरणाच्या बाबतीत तो आक्षेप अक्षरशः खरा आहे, कारण लेसरनंतरही काहींना हा विकार पुन्हा होतो. तरीही त्यावरून लौकिक उपायांचे वैयर्थ्य सिद्ध होत नाही. सांख्यांचे म्हणणे त्यांच्या मर्यादेविषयी आहे, आणि ज्या योगभाष्याने आपला आराखडा वैद्यकाकडून घेतला, त्याचा आधार देऊन औषध नाकारणे हा त्या भाष्याचा विपर्यास आहे.