अब्राहाम, चांगुणा आणि वाचकाचे दायित्व

धर्मग्रंथातील अवघड उतारे दोन प्रकारचे असतात. काहींचा अर्थच लागत नाही. काहींचा अर्थ स्वच्छ लागतो, परंतु तो स्वीकारवत नाही. नैतिक प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या प्रकारात. बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या २२व्या अध्यायातील कथा अशी आहे. देव अब्राहामाला त्याच्या लाडक्या पुत्राचे, इसहाकाचे, होमार्पण करावयास सांगतो. अब्राहाम प्रतिप्रश्न न करता निघतो. सुरी हाती घेतल्यावरच त्याला थांबविले जाते.

या पेचातून सुटण्याचे मार्ग जुने आहेत. लाकडे वाहणाऱ्या इसहाकात क्रूस वाहणारा ख्रिस्त पाहणारे रूपकात्मक वाचन हा एक. कथेत नरबलीचा निषेध शोधणारे ऐतिहासिक वाचन हा दुसरा. कांटने १७९८ मध्ये पेच सरळ नाकारला : पुत्रवध करू नये हे निश्चित आहे, आज्ञा देणारा देवच आहे हे मात्र निश्चित नाही. कीर्केगार्डने १८४३ मध्ये उलट, त्या भयकंपातच श्रद्धेचे स्वरूप पाहिले.

मराठी वाचक या कथेकडे रिकाम्या हाताने येत नाही. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तील (१७१८) श्रियाळ-चांगुणेची कथा त्याच्या परिचयाची असते. अतिथिरूपाने आलेल्या शंकरासाठी चांगुणा चिलया बाळाचे शिर उखळात कांडते. अखेरीस बाळ परत मिळते. येथे हात थांबविला जात नाही, परंतु मातेचा आक्रोश मात्र ऐकू येतो. ‘उत्पत्ती’त सारेला या प्रसंगी एकही शब्द नाही. पुढचा अध्याय तिच्या मृत्यूनेच सुरू होतो आणि ज्यू भाष्यपरंपरेने या दोन घटनांचा संबंध जोडलेला आहे. चांगुणा ओळखीची असलेल्या वाचकाला सारेचे मौन अधिक तीव्रतेने जाणवावे.

तुलनेचा खरा उपयोग मात्र निराळा आहे. आपल्या परंपरेतील क्रौर्य आपल्याला ‘सत्त्वपरीक्षा’ वाटते आणि परक्या परंपरेतील सत्त्वपरीक्षा ‘क्रौर्य’. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की हा दुटप्पीपणा टिकत नाही. जी सवलत चांगुणेच्या कथेला, तीच अब्राहामाच्या कथेला; जो आक्षेप एकीवर, तोच दुसरीवर.

येथे वाचनपद्धतीचा प्रश्न येतो. शेगावात दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाच्या २१ अध्यायांची पारायणे होतात. पारायणाला स्वतःची लय असते. एखाद्या ओवीशी अडून बसणे हा त्याचा धर्म नव्हे. त्यात उणेपणा नाही, कारण तेथे ग्रंथ हा सहवास असतो. चिकित्सक वाचनाचा धर्म मात्र नेमका अडण्याचा आहे. एकाच व्यक्तीला दोन्ही वाचने साधू शकतात. एकाने दुसऱ्याची जागा बळकावली की बिघडते.

अनुवादकाला तर अडल्यावाचून गत्यंतरच नसते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रकाशित झाले. संपूर्ण अनुवादाची प्रतिज्ञा म्हणजे नकोशा उताऱ्यांनाही शब्द देण्याची प्रतिज्ञा होय.

वाचकाचे दायित्व याहून कमी नाही. अस्वस्थता ही आकलनाची उणीव नसून आकलनाचाच भाग आहे. ती स्पष्टीकरणाने विझविली, तर ग्रंथ सोयीचा होतो. परंतु मग वेदीवरचे मूल आपल्याला दिसेनासे होते.