जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठ आणि पावित्र्याचा प्रश्न

मठाचे पावित्र्य त्याच्या वास्तूत असते, तेथे व्रतस्थ राहणाऱ्या समुदायात असते, की तेथे जपलेल्या संतांच्या अवशेषांत, हा प्रश्न जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या मठापुढे फार तीव्रपणे उभा राहतो. सारी मालमत्ता सामाईक ठेवून एकत्र प्रार्थना करणे हा ज्यांचा नियम, ते ऑगस्टिनियन संन्यासी १५७२ साली गोव्यात आले आणि मोंते सांतो टेकडीवरील त्यांचे भव्य चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. पुढे १८३४ मध्ये पोर्तुगालने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले, वर्षभरात गोव्यातील मठही रिकामा झाला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह अर्धा मनोरा ढासळला. सुमारे ४६ मीटर उंचीचा, जांभ्या दगडाचा उरलेला भाग आजही उभा आहे. मठाची घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

कॅथलिक धर्मशास्त्रीय कायद्यानुसार पवित्र स्थळाचा बहुतांश भाग नष्ट झाला की त्याचे अर्पितत्व, म्हणजे देवकार्यासाठी विधिपूर्वक राखून ठेवलेले स्वरूप, संपुष्टात येते. हा निकष समंजस असला तरी येथे तो अपुरा पडतो, याचे कारण केतेवान राणी. जॉर्जियाच्या या राणीने धर्मांतरास नकार दिल्यामुळे इराणचा शासक शाह अब्बास याच्या आज्ञेने १६२४ साली शिराझ येथे छळ करून तिचा वध करण्यात आला. ऑगस्टिनियनांनी तिचे अवशेष मिळवून १६२७ मध्ये त्यांतील काही गोव्यात आणले. राणी ऑर्थोडॉक्स पंथाची होती आणि संन्यासी रोमच्या आज्ञेतले. तरीही त्यांनी तिला हुतात्मा मानून आपल्या सभादालनात जागा दिली आणि ती पेटी कोणत्या खिडकीजवळ ठेवली हेही लिहून ठेवले. हीच नोंद हाताशी धरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, तेव्हा हाताच्या हाडाचा तुकडा मिळाला आणि त्यात हैदराबादच्या शास्त्रज्ञांना भारतीय नमुन्यांत न सापडलेला, पण जॉर्जियातील नमुन्यांत आढळणारा मातृवंशीय जनुकीय गट दिसला.

भिंती पडल्या, समुदाय पांगला, परंतु परक्या पंथातील स्त्रीच्या अस्थी सांभाळण्याची त्या समुदायाने पत्करलेली जबाबदारी त्याच्या पश्चातही पाळली गेली, आणि पावित्र्याचा शोध दगडांपेक्षा या जबाबदारीत घेणे अधिक न्याय्य ठरते. २०२१ मध्ये भारताने या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला अर्पण केला, तेव्हा तो तेथे प्राचीन वस्तू म्हणून नव्हे, तर संत केतेवानचा देहावशेष म्हणून वंदिला गेला.