अंगण खरंच वाकडं असेल तर

एकाच कंपनीच्या दोन गिटार आहेत. दोन्हींचा आकार तोच, नावही तेच: स्ट्रॅटोकास्टर. एकीच्या डोक्यावर ‘स्क्वायर’ लिहिलेलं असतं आणि ती आपल्याकडे वीस-पंचवीस हजारांत मिळते. दुसरीच्या डोक्यावर ‘फेंडर’ असतं, ती अमेरिकेत बनलेली हवी असेल तर दोन लाखांच्या आसपास मोजावे लागतात. यातली कुठली घ्यावी यावर यूट्यूबवर अक्षरशः शेकडो व्हिडिओ आहेत. डोळे मिटून ऐका, कुठली कुठली ते ओळखा, वगैरे. मी त्यातले पुष्कळ बघितले. पण गेले काही महिने मी ज्या प्रश्नाशी अडकलोय, तो आवाजाचा नाहीच. तो असा आहे: दोन लाखांची गिटार घ्यायची माझी लायकी आहे का?

ऐपत म्हणत नाही मी. ऐपत आहे. या वर्षीचा बोनस आणि थोडा ईएमआय, की काम झालं. आमच्या घरात ऐपत आणि लायकी वेगवेगळी मोजायची वेळच कधी आली नव्हती. ‘परवडत नाही’ म्हटलं की विषय संपायचा, आणि त्यात एक मोठी सोय होती. परवडत असूनही एखादी गोष्ट घेऊ नये का, हे माझ्या आईवडिलांना कधी ठरवावंच लागलं नाही. घरात हा प्रश्न पहिल्यांदा माझ्यापर्यंत आला, आणि त्याचं उत्तर काही वारशात मिळालेलं नाही.

आधी फरक काय आहे तो बघू. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1954 मध्ये त्याने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, ती कारखान्यात भराभर जोडता येईल अशा बेताने. मान वेगळी, धड वेगळं, चार स्क्रू मारून दोन्ही जोडायचे. काही बिघडलं तर तेवढा भाग बदलायचा. म्हणजे कुणा उस्तादाच्या हातून महिनोन्महिने घडत जाणारी ही वस्तू कधीच नव्हती. 1965 मध्ये त्याने कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली. पुढे जपानी कारखान्यांनी इतक्या चांगल्या नकला काढल्या, की त्यांना तोंड द्यायला 1982 मध्ये फेंडरने जपानमध्येच आपल्याच गिटारची स्वस्त आवृत्ती बनवून घेतली. तीच स्क्वायर. म्हणजे नकलेवर उतारा म्हणून स्वतःचीच नक्कल. त्या सुरुवातीच्या जपानी स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात.

आज दोन्हींच्या आत डोकावलं तर फरक आहेत, नाही असं नाही. धडाचं लाकूड वेगळं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. स्वस्त मॉडेलांत ते चुंबक बहुधा सिरॅमिकचे असतात, महागात अल्निकोचे. फ्रेटची टोकं घासून गुळगुळीत करण्यावर महाग गिटारीत जास्त वेळ खर्च होतो. आणि बोटं जिच्यावर फिरतात ती पट्टी: फेंडरच्या अनेक मॉडेलांत ती रोझवूडची असते, आणि बऱ्याचदा ते रोझवूड म्हणजे आपला शिसव. स्क्वायरच्या अनेक मॉडेलांत ‘इंडियन लॉरेल’ असतं. हे काय नवीन म्हणून मी शोधलं, तर निघाला चक्क ऐन! सह्याद्रीच्या एकाच जंगलात शेजारीशेजारी उभी राहणारी ही दोन झाडं. कॅलिफोर्नियात जाऊन त्यातलं एक प्रीमियम झालं आणि दुसरं बजेट.

पण दहापट किंमत चुंबकामुळे होत नाही, लाकडामुळेही नाही. ती मुख्यतः माणसाच्या तासामुळे आणि नावामुळे होते. स्क्वायर इंडोनेशियात आणि चीनमध्ये बनते. तिथल्या कामगाराचा तास स्वस्त आहे.

इथे माझ्यासारख्याची जरा पंचाईत होते. मी पुण्यात बसून एका अमेरिकन क्लायंटसाठी कोड लिहितो. तिकडचा एक इंजिनिअरही त्याच कोडवर काम करतो. रिपॉझिटरी एक, त्याचे रिव्ह्यू मी करतो, माझे तो करतो. रात्री दोनला सर्व्हर झोपला की फोन मात्र मला येतो. त्याचा तासाचा दर माझ्या कितीतरी पट आहे. थोडक्यात, मी त्याचा स्क्वायर आहे. आकार तोच, काम तेच, डोक्यावरचं नाव वेगळं. आता मी जर म्हणालो, की ‘अमेरिकेत बनलेल्या वस्तूत काहीतरी वेगळंच असतं बाबा, त्याचे दहापट पैसे रास्त आहेत’, तर स्वतःबद्दल मी काय कबूल करतोय? आणि उलट म्हणालो, की ‘छे, स्वस्तातली अगदी तेवढीच चांगली असते’, तर त्याच दमात हेही म्हणतोय, की कुणीतरी तेवढंच चांगलं काम फार कमी पैशांत करतंय आणि त्याचा फायदा मी मजेत उचलतोय. दोन्ही वाक्यं तोंडातून नीट बाहेर पडत नाहीत. महाग गिटार घेऊन हा गुंता सुटेल असंही नाही. माझे जास्तीचे पैसे कॅलिफोर्नियात जातील, इंडोनेशियातल्या माणसाच्या पगारात त्याने एक रुपयाही वाढणार नाही.

कानाचं म्हणाल तर व्हायोलिनवाल्यांनी एक चांगला प्रयोग करून ठेवलाय. 2010 मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ या संशोधिकेच्या गटाने 21 वादकांना, काही दिसू नये असे गॉगल घालून, सहा व्हायोलिन वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी आणि कोट्यवधींची, त्यांत स्ट्रॅडिव्हेरियसही. बहुतेकांनी घरी न्यायला नवीच पसंत केली, आणि सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. या प्रयोगाचा आधार घेऊन ‘बघा, सगळा नावाचाच खेळ’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते घाईचं वाटतं. ती नवी व्हायोलिन काही रद्दड नव्हती, उत्तम कारागिरांनी केलेली होती. प्रयोगाने एवढंच दाखवलं, की एका पातळीच्या वर गेल्यावर किंमत आणि गुण यांची साथ सुटते. त्या पातळीच्या खाली काय होतं याबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि माझ्या मते खरा नैतिक प्रश्न तिथे खाली आहे.

त्याकडे येतो, पण आधी लायकी. हा विषय ॲरिस्टॉटलने काढून ठेवलाय. उत्तम बासऱ्या कुणाला द्याव्यात? श्रीमंताला नाही, घरंदाजाला नाही, देखण्यालाही नाही. जो उत्तम वाजवतो त्याला. अमर्त्य सेन यांनी 2009 च्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये हाच पेच तीन मुलांचा करून मांडला. बासरी एकच. एकीला ती वाजवता येते. दुसऱ्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. तिसरीने ती स्वतः मेहनतीने बनवलीय. द्यायची कुणाला? तिघांचाही दावा खरा आहे, यातच त्या गोष्टीची गंमत आहे.

मी स्वतःला त्या तिघांच्या रांगेत उभं करून बघितलं. मी उत्तम वाजवत नाही, बरं वाजवतो. माझ्याकडे दुसरं काही नाही असं तर मुळीच नाही. आणि गिटार मी बनवलेली नाही. माझा दावा एकच, खिशात पैसे आहेत. ॲरिस्टॉटलने मला पहिल्याच फेरीत बाद केलं असतं.

पण तिथे बासरी एकच असते आणि मुलं तीन. फेंडरचा कारखाना रोज गिटारी बनवतो. मी एक घेतली म्हणून कुणा गुणवंताच्या हातून ती हिसकावली जात नाही. तरीही लायकीचा प्रश्न आपल्याला छळतो, कारण आपल्याकडे तो वाटपासाठी वापरतच नाहीत, परीक्षा म्हणून वापरतात. ‘आधी वाजवून दाखव, मग चांगली घेऊन देऊ.’ हे वाक्य तबल्याबद्दल, सायकलबद्दल, लॅपटॉपबद्दल प्रत्येक मराठी घरात बोललं गेलंय. यात वाईट हेतू नसतो. पैसे मोजके असतात आणि पोरांची हौस पंधरा दिवसांची असते, हे अनुभवाने कळलेलं असतं.

माझी आत्या मिरजेला असते. तिच्या मुलीला, माझ्या अकरावीतल्या आतेबहिणीला, याच न्यायाने साडेचार हजारांची इलेक्ट्रिक गिटार मिळाली. कंपनीचं नाव घेत नाही, तशा पुष्कळ आहेत. दिवाळीत गेलो तेव्हा गिटार कपाटावर होती. विचारलं तर म्हणाली, “दादा, मला नाही जमणार. माझी बोटं आखूड आहेत. एफ कॉर्ड लागतच नाही.” आत्याने लगेच पुस्ती जोडली, “बघ, चार महिन्यांत हौस फिटली. तरी बरं, महागातली नाही घेतली.”

मी गिटार खाली काढली. बाराव्या फ्रेटवर तारा पट्टीपासून दीड-दोन मिलीमीटर वर असाव्यात. इथे साडेतीनच्या वर होत्या. नटच्या, म्हणजे तारा जिथून मानेवर येतात त्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नव्हत्या. एफ कॉर्ड पहिल्या फ्रेटवर असतो, नटला अगदी चिकटून. तिथे तार उंच असली की ती दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो. माझाही एफ नीट लागला नाही.

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण सगळे एकाच बाजूने शिकलोय. अंगणाला दोष देणारा तो कामचुकार. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं! ज्याला नाचता येतं तो ते लगेच ओळखतो, जरा सांभाळून पाय टाकतो, प्रसंगी वाकड्या अंगणातही नाचून दाखवतो आणि लोक टाळ्या वाजवतात. जो शिकतोय त्याच्याकडे तो पर्यायच नसतो. दोष आपल्या पायात आहे की जमिनीत, हे त्याला कळूच शकत नाही. आणि आपल्या घरांमधून वाढलेलं मूल शंका आली की दोष स्वतःकडे घेतं. बोटं आखूड आहेत, कान नाही, आपल्या खानदानातच नाही. म्हणजे ‘आधी वाजवून दाखव’ ही परीक्षा मुळात अशी आहे, की ती द्यायला लागतो तेव्हा ती रास्त आहे की नाही हे तपासण्याची कुवत परीक्षा देणाऱ्याकडे नसते. साडेचार हजारांची गिटार आणि वीस हजारांची गिटार यांत मला अन्याय दिसतो तो इथे. वीस हजार आणि दोन लाख यांत फक्त चैन दिसते.

मिरजेला हे समजावून सांगायला फार त्रास पडत नाही. सतार-तंबोऱ्याचं गाव ते. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोरा कितीही चांगल्या भोपळ्याचा असो, जवारी नीट निघालेली नसेल तर तो बोलत नाही, हे तिथे वाद्याशी संबंध नसलेल्यांनाही ऐकून माहीत असतं. पुलावरचे स्क्रू मी पान्याने खाली घेतले, पण नटच्या खाचा कापायला बारीक कानस लागते आणि ती धरायला हात लागतो. आत्याच्या ओळखीच्या एका सतार करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात गिटार वाजवलेली नव्हती. त्यांनी डोळा मानेच्या रेषेत लावून एकदा बघितलं, म्हणाले, “एवढ्या उंचीवर पोरगी दाबणार कशी?” आणि वीसेक मिनिटं कानस चालवली. पैसे विचारले तर चहाचे द्या म्हणाले. अंगण वाकडं आहे हे ओळखायला नाचता यायलाच हवं असं नाही, एवढं त्यावरून मला कळलं. कुणीतरी ते बघणारं मात्र लागतं, आणि ऑनलाइन मागवलेल्या खोक्यात तसं कुणी येत नाही.

तर माझ्यापुरता हिशोब असा लागलाय. मी स्क्वायर घेतोय. जरा वरच्या मॉडेलची, सेटअपचे दोन-तीन हजार वेगळे ठेवून. माझ्या हाताला दोन्ही अंगणं सपाटच आहेत, हे मी दुकानात दोन तास बसून बघितलं. यात साधेपणाचा काही आव नाही. ती फेंडर मला अजूनही हवी आहे. तिचा तो सोनेरी-तपकिरी रंग, दिसली की जीव खालीवर होतो. उद्या घेतली तर ‘मी मेहनत केली, मी तिच्या लायक झालो’ असलं काही बोलणार नाही. आवडली, पैसे होते, घेतली. हेवा वाटणाऱ्याने खुशाल हेवा करावा.

परवा आतेबहिणीचा फोन आला. एफ लागतो म्हणाली, स्वच्छ नाही पण लागतो. मग म्हणाली, की खरं सांगू का, गिटारपेक्षा बास जास्त आवडतोय, त्याच्या तारा किती जाड असतात, आणि आईला कोण सांगणार? मी म्हटलं, फोन दे आत्याकडे.