ऊब द्यावी, कवच फोडू नये

दुसऱ्याला मदत करावी, हे आपल्याला कोणी पटवून द्यावे लागत नाही. अडचण येते ती पुढच्या प्रश्नात : मदत कोठपर्यंत करावी? मुलाचा गृहपाठ आईने पूर्ण करून द्यावा का? नोकरी सुटलेल्या धाकट्या भावाला दर महिन्याला पैसे पाठवत राहावे का? संस्कारवर्गातील मुलाला उत्तर आठवत नसेल तर ते लगेच सांगून टाकावे का? हात पुढे केला तर समोरचा परावलंबी होईल अशी भीती वाटते, आणि हात आखडला तर आपण निष्ठुर ठरू अशी भीती वाटते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात अशी एखादी तरी व्यक्ती या क्षणी असेल.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज आपण अंड्यांवर बसलेल्या कोंबडीकडे पाहू. आपल्यापैकी अनेक जण शाकाहारी आहेत, त्यांना हा विषय इथे कसा, असे वाटू शकते. परंतु भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत कबुतर, अजगर, मधमाशी आणि कोळी यांचाही समावेश आहे. कोंबडी त्या यादीत नाही. तरीही तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

एकवीस दिवसांची बैठक

मी कोलकात्यात वाणिज्य शाखेत शिकते. तुम्ही कधी इथे आलात आणि सियालदाहून दक्षिणेकडे कॅनिंगला जाणारी लोकल पकडलीत, तर सोनारपूर मागे पडल्यावर शहर हळूहळू विरळ होत गेलेले दिसेल. घरांजवळ पुकुर, म्हणजे लहान तळी, दिसू लागतात. तळ्यात बदके आणि अंगणात देशी कोंबड्या असतात. त्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रियाच करतात.

वर्षातून काही वेळा अशी कोंबडी अंडी देणे थांबवते, एका जागी बसून राहते, जवळ गेले की पिसे फुलवून गुरगुरते. मराठीत आपण तिला खुडूक कोंबडी म्हणतो. अंडी उबवण्याला बंगालीत ‘ता देणे’ असा शब्दप्रयोग आहे. जाणती गृहिणी अशा कोंबडीसाठी शांत, अंधारा कोपरा निवडते. टोपलीत पेंढा घालून दहा-बारा अंडी ठेवते आणि कोंबडीला रात्रीच्या वेळी अलगद उचलून त्यावर बसवते, म्हणजे ती बिथरत नाही. दाणा-पाणी जवळच ठेवते. सातव्या दिवसाच्या सुमारास अंडी दिव्यासमोर धरून पाहते. ज्यात लाल शिरांचे जाळे दिसते ते ठेवायचे, ज्यात काहीच दिसत नाही ते काढून घ्यायचे.

बाकीचे काम कोंबडीचे. तिच्या पोटाकडची पिसे झडतात आणि उघडी, उष्ण कातडी थेट अंड्यांना लागते. दिवसातून साधारण एकदाच ती पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते, खाते, पाणी पिते आणि परत येते. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी फिरवते. ती फिरवली नाहीत तर आतला जीव कवचाच्या आतील पडद्याला चिकटू शकतो. असे एकवीस दिवस चालते आणि त्या काळात तिचे वजनही घटते.

जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हे दिवस तोट्याचे आहेत, कारण ती अंडी देत नाही. म्हणून काही ठिकाणी खुडूक कोंबडीला थंड पाण्यात बुडवतात किंवा तिच्या नाकपुड्यांत पीस अडकवतात, की ती कंटाळून उठावी. मोठ्या व्यवसायात तर निवड करत करत अशा जाती तयार झाल्या, की त्यांच्यातील खुडूक होण्याची वृत्तीच जवळजवळ नाहीशी झाली. तेथे अंडी यंत्र उबवते. घरात वृद्धांजवळ बसणे, तान्ह्या मुलासाठी रात्र जागणे हेही कोणत्याही वहीत जमेच्या बाजूला लिहिले जात नाही. पण त्याशिवाय कोणताही जीव वाढत नाही.

पक्षिणीची नजर

याच कोलकात्याजवळ, दक्षिणेश्वरी, ऑगस्ट १८८२ मध्ये श्रीरामकृष्णांनी योग्याची ओळख सांगताना अंड्यांवर बसलेल्या पक्षिणीचा दाखला दिला होता. तिचे डोळे उघडे असतात, पण ती बाहेरचे काही पाहत नसते, कारण तिचे सारे मन अंड्यांत असते. असे चित्र मिळेल का, असेही त्यांनी विचारले. तेथे असलेल्या महेंद्रनाथ गुप्त यांनी ते आपल्या नोंदींत लिहून ठेवले. कुलार्णव तंत्रातही गुरूच्या स्पर्शदीक्षेला पक्ष्याच्या पंखांखालील उबेची उपमा दिलेली आहे.

मदत म्हटले की आपल्याला पैसे, सल्ला, धावपळ आठवते. पण पहिली मदत म्हणजे आपले मन त्या व्यक्तीपाशी असणे. मुलगा बोलत असताना आपली नजर भ्रमणध्वनीवर असेल, तर आपण टोपलीत आहोत पण अंड्यांना ऊब लागत नाही.

कवचाच्या आतील धडपड

शेवटच्या तीन दिवसांत कोंबडी अंडी फिरवणे थांबवते. पिल्लाला आता बाहेर येण्यासाठी योग्य स्थितीत राहायचे असते. जन्माच्या आदल्या दिवशी कवचाच्या आतून बारीक चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हलक्या आवाजात तिला उत्तर देते. मग पिल्लू चोचीच्या टोकावरील छोट्याशा टणक उंचवट्याने कवचाला पहिला टवका पाडते. तेथून पूर्ण बाहेर येण्यास कधी बारा तास लागतात, कधी पूर्ण दिवस.

पाहणाऱ्याला हा वेळ सहन होत नाही. पिल्लू धडपडते, दमते, निपचित पडते. आपण नखाने थोडे कवच काढावे असे वाटते. पण त्या विश्रांतीतही आत काम चालू असते. पडद्यातील रक्तवाहिन्यांतले रक्त पिल्लाच्या शरीरात परतत असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने कवच फोडले तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरू शकते. अनुभवी स्त्रिया म्हणूनच टोपलीपाशी हात आवरून बसतात.

कोंबडीही कवच फोडत नाही. पण ती उठूनही जात नाही. ती अंगाखाली ऊब ठेवते आणि आवाज देत राहते. मदत कोठे थांबावी या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. जे काम केल्यानेच त्या जीवाला बळ येणार आहे, ते आपण हिरावून घेऊ नये, आणि तो ते करत असताना त्याला एकटेही सोडू नये.

उतरत जाणारी ऊब

पिल्ले बाहेर आल्यावर हाच क्रम पुढे चालू राहतो. चिमणीसारखी कोंबडी पिल्लांच्या चोचीत घास भरवत नाही. ती जमीन उकरते, दाणा उचलते, खाली टाकते आणि विशिष्ट आवाज काढून बोलावते. टिपायचे पिल्लांनीच. वर घार दिसली की तिचा आवाज बदलतो आणि सगळी पंखांखाली धावतात.

पश्चिम बंगालमध्ये सरकारकडून बचत गटांतील महिलांना पिल्ले वाटली जातात. यंत्रातून जन्मलेल्या पिल्लांना आई नसते. त्यांच्यासाठी दिवा लावून पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब ठेवतात आणि मग ती दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत नेतात. पाण्याच्या भांड्यात खडे टाकतात, म्हणजे पिल्लू बुडत नाही. मानमोडीची लस वेळेवर देतात. पहिल्या आठवड्याची ऊब पाचव्या आठवड्यातही तशीच ठेवली तर पिल्ले धापा टाकू लागतात. आईवडिलांनी यावर विचार करावा. मूल पाच वर्षांचे असताना जी काळजी प्रेम होती, तीच मूल पंचवीस वर्षांचे झाल्यावर गुदमरवणारी होऊ शकते.

कोंबडी दीड-दोन महिन्यांनी पिल्लांना टोचून दूर करू लागते. काही घरांत तर तिच्याखाली बदकाची अंडी ठेवतात, कारण पाळीव बदके बहुधा उबवायला बसत नाहीत. बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात. ती एक आठवडा अधिक बसते. मग एके दिवशी ती पिल्ले पुकुरात उतरतात, आणि ती काठावर ओरडत राहते. आपल्या मुलांनी आपल्याला न कळणारा मार्ग निवडला की आपलीही अवस्था अशीच होते. अवधूताच्या कथेतील कबुतरांची जोडी जाळ्यात सापडलेल्या पिल्लांमागे स्वतःही जाळ्यात उडी घेते. तो धडा सावधगिरीचा आहे. काठावरची कोंबडी आवाज देते, वाट पाहते, आणि पिल्ले परत आली की पुन्हा पंख उघडते.

थंड पडलेले अंडे

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. बहुतेक पिल्ले बाहेर आली की एक-दोन दिवसांत कोंबडी त्यांना घेऊन टोपली सोडते. मागे राहिलेल्या एखाद्या अंड्यात जीव असला तरी ती थांबत नाही. तिचाही इलाज नसतो. बाहेर आलेल्या पिल्लांना पोटातील बलक दोन-तीन दिवसच पुरतो.

पण घरातील स्त्री ते अंडे उचलते, कानाशी धरते, आतून आवाज आला तर उबदार कापडात गुंडाळून दिव्यापाशी ठेवते किंवा दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली सरकवते. आतला पडदा सुकून पिल्लू अडकले असेल तर तो कोमट पाण्याने किंचित ओला करते. येथे माणूस निसर्गाच्या एक पाऊल पुढे जातो. त्यालाच आपण करुणा म्हणतो.

म्हणून ‘धडपडू दे, त्यातूनच शिकेल’ हे वाक्य फार जपून वापरावे. ज्याला एकवीस दिवसांची ऊब मिळाली आहे, त्याच्यासाठी ते खरे आहे. ज्याच्या वाट्याला ती आलीच नाही, त्याला कवचाचे तत्त्वज्ञान सांगणे हा केवळ आपला आळस असतो. हात आवरण्याचा अधिकार आधी ऊब देणाऱ्यालाच आहे.

आपल्यासाठी

आज रात्री झोपण्यापूर्वी शांत बसावे आणि सुरुवातीला मनात आलेली ती व्यक्ती आठवावी. मग स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझे मन खरोखर तिच्यापाशी आहे का? तिचे कोणते काम मी केवळ माझी अस्वस्थता शमवण्यासाठी करून टाकत आहे? आणि मी जिला धडपडू देत आहे, तिला माझा आवाज ऐकू येतो आहे का?

उत्तर पैसे पाठवावेत असे येईल, किंवा पाठवू नयेत असे येईल. पण पैसे थांबवायचे ठरले, तर त्याच दिवशी भावाला फोन जरूर करावा.