खोगीर उतरवल्यानंतर

डोंगराची अवघड वाट तुम्ही घोड्यावर बसून चढलात, तर डोंगर नेमका कोण चढलं?

प्रश्न गमतीचा वाटेल. पण शहराबाहेर पडावं, घोड्यावरून रानवाटा तुडवाव्यात, रात्री तंबूत राहावं, अशी ओढ आज अनेकांना वाटते. आम्हा बंगळुरूकरांचा शनिवार उजाडला की कुणी नंदी हिल्सकडे निघतं, तर कुणी थेट पश्चिम घाटाकडे. चिक्कमगळूरु जिल्ह्यातल्या एका उंच शिखराचं नावच कुद्रेमुख आहे, म्हणजे घोड्याचं तोंड. निसर्गाजवळ जाण्याची ही ओढ चांगलीच आहे. मात्र स्वारी करताना आपल्यासोबत आणखी एक जीव असतो, आणि ‘येतोस का?’ असं त्याला कुणी विचारलेलं नसतं.

भाडं दिलं की हिशोब संपला का?

वाणिज्य शाखेत आम्हाला ‘घसारा’ शिकवतात. यंत्र वापरलं की झिजतं, आणि ती झीज दरवर्षी खर्च म्हणून वहीत लिहावी लागते. घोडाही झिजतो. नीट न बसलेल्या खोगिराखाली पाठ सोलवटते, दगडांवर खूर घासतात, उतारावर पुढच्या पायांवर ताण येतो. आपण दिलेलं भाडं मालकाला मिळतं. ही झीज कोणाच्या वहीत लिहिली जाते?

कायद्याने थोडी नोंद ठेवली आहे. आपल्या देशात ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ पासून नियम आहेत. तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त ओझं लादता येत नाही. दिवसभरात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम करून घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर जात असेल, तर दुपारी बारा ते तीन त्याला कामाला जुंपता येत नाही. हे नियम आवश्यकच आहेत. पण ६९ किलो लादले म्हणून कुणी दयाळू ठरत नाही. कायदा अपराध कुठे सुरू होतो ते सांगतो. आपुलकी कुठे सुरू होते, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

मग घोड्यावर बसूच नये का? उत्तर इतकं सोपं नाही. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी आहे, कितीतरी घरांची चूल घोड्यावर पेटते. आपण पाठ फिरवली तर आपले हात स्वच्छ राहतील, पण त्या माणसाचं आणि त्याच्या घोड्याचं पोट भरणार नाही. म्हणून ‘बसावं की नाही’ यापेक्षा ‘बसणाऱ्याने काय पाहावं’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मुक्कामात काय दिसतं?

तासाभराच्या फेरीत आपल्याला घोड्याचा एकच तास दिसतो. उरलेले तेवीस दिसत नाहीत. मुक्कामाला राहिलं की ते दिसू लागतात.

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असतं, त्यामुळे तो दिवसाचा बराचसा वेळ थोडं थोडं चरत राहतो. त्याला ओकता येत नाही. म्हणून चुकीचं किंवा अवेळी खाल्लेलं त्याच्या जिवावर बेतू शकतं. तो उभ्या उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावं लागतं, आणि सुरक्षित वाटलं तरच तो आडवा होतो. तुमच्या तंबूशेजारी घोडा निर्धास्त झोपला, तर त्याने तुम्हाला दिलेली ती मोठी पावती समजा.

सह्याद्रीत मुक्काम हलवत राहणाऱ्या धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसाळा सरला की त्यांचे वाडे मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात. तट्टाच्या पाठीवर भांडीकुंडी, अंथरुणं आणि नुकती जन्मलेली कोकरं असतात. धडधाकट माणसं पायी चालतात. पाठ कोणाला द्यायची, हे तिथे हौसेवर ठरत नाही, गरजेवर ठरतं.

छावणीतून आलेली शिकवण

छत्रपती शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. महाराज तिथल्या अधिकाऱ्यांना बजावतात की दाणावैरण आताच मनमानी संपवू नका. भर पावसात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल. वैरणीसाठी रयतेला उपद्रव देऊ नका, असंही ते सांगतात. उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली तर गवत पेटेल, इतकी बारीक काळजी त्या पत्रात आहे.

जरा विचार करा. या पत्रात कुणी घोड्याला चाबकाने मारलेलं नाही. दोष आहे तो बेफिकिरीचा. ज्याच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर आहे, त्याच्या उद्याचा विचार न करणं हीदेखील हिंसाच आहे, एवढी कठोर कसोटी एका राजाने आपल्या माणसांना लावली. आपणही ती स्वतःला लावू शकतो.

अनुवाद करताना मी ‘वाहन’ या शब्दापाशी नेहमी थांबतो. गाडी म्हणजे वाहन, आणि देव ज्याच्यावर बसतो तेही वाहनच. जेजुरीचा खंडोबा घोड्यावर बसतो. कर्नाटकात त्यालाच मैलार म्हणतात, आणि तिथेही घोडा त्याच्या सोबत असतो. दसऱ्याला आपण घोड्याची पूजा करतो. मग भाड्याने घेतलेला घोडा आपल्यासाठी कोणत्या अर्थाने वाहन असतो?

पुढच्या वेळी डोंगरात जाल, तेव्हा एवढं करून पाहा. बसण्याआधी घोड्याच्या पाठीवरून हात फिरवा आणि जखम दिसली तर बसू नका. आपलं वजन खरं सांगा. तीव्र उतार आला की खाली उतरून चाला. घोडेवाल्याशी भाड्याची घासाघीस करू नका, उलट घोडा विसावतो त्या वेळेचेही पैसे द्या, म्हणजे विश्रांती त्याच्या मालकाला तोट्याची वाटणार नाही. मुक्कामी पोहोचलात की आधी खोगीर उतरवा, घाम पुसा, पाणी दाखवा, वैरण टाका. आपली चूल त्यानंतर पेटवा.

भूक आपल्यालाही लागलेली असेल. तरी ती अर्धा तास थांबवून पाहा.