दोन डावीकडे, एक उजवीकडे

हे मनन बसून करायचं नाही. उठा, चपला काढा आणि दोन्ही हात पसरता येतील एवढी जागा करून घ्या. तळमजल्यावर राहत असाल तर उत्तमच, कारण थोड्या वेळाने पाय आपटायचे आहेत.

डावा पाय डावीकडे टाका. उजवा त्याच्याजवळ आणा. पुन्हा डावा डावीकडे, उजवा त्याच्याजवळ. आता उजवा उजवीकडे आणि डावा त्याच्याजवळ. झालं. उत्तर अटलांटिक समुद्रातल्या फॅरो बेटांवर लोक शतकानुशतकं जे नाचत आले आहेत, त्यातलं शिकवण्याजोगं एवढंच. गिरकी नाही, उडी नाही, खास पोशाख लागतोच असंही नाही. आपण ‘लोकनृत्य’ म्हटल्यावर रंगमंचावरचे झगमगते घागरे डोळ्यांपुढे आणतो, म्हणून हा साधेपणा सुरुवातीला जरा कोरडा वाटेल. वाटू द्या.

पावलं चालू ठेवा. थोडा वेळ मन मोजत राहील, त्याला थांबवू नका. मोजून मोजून त्याला कंटाळा आला की ते आपणच गप्प होईल आणि मोजायचं काम पायांकडे जाईल. तेव्हा खाली बघा. सुरुवात केली होती तिथे तुम्ही आता नाही. दोन पावलं गेलात, एक परत आलात. दर आवर्तनाला जेमतेम एक पाऊल डावीकडे सरकलात. या नाचाला पुढे जायची घाई नाही, पण तो एका जागी थांबतही नाही.

आता हात पुढे करा, कोपरात थोडे वाकवून. एका बाजूला एक माणूस आहे असं धरून चला आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक. ही माणसं तुम्ही निवडलेली नाहीत. फेरात जिथे जागा दिसली तिथे शिरलात, म्हणून ती शेजारी आली. एक हात खरबरीत असेल, मासेमारीच्या दोरांनी घासलेला. दुसरा एखाद्या शाळकरी मुलीचा असेल. दोन्ही सारख्याच ताकदीने धरा.

खोली डोळ्यांपुढे आणा. स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या मधल्या समुद्रात ही 18 बेटं आहेत. वारा इतका की झाडं फारशी टिकत नाहीत. डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम पाच तासांचा. जुन्या घरात चुलीची एकच मोठी खोली उबदार असे. रात्री सगळे तिथेच लोकर पिंजत, सूत कातत-विणत बसत. नाताळ सरला की उपवासाचा काळ सुरू होईपर्यंत नाचाचे दिवस. मध्ययुगात असे साखळीचे नाच युरोपात ठिकठिकाणी होते. पुढे वाद्यं आली, जोडीचे नाच आले आणि बहुतेक ठिकाणी साखळी सुटली. इथे ती राहिली.

पण खोली लहान आणि माणसं पुष्कळ. मोठं गोल रिंगण त्यात मावणार कसं? मग साखळी वाकते, आतल्या बाजूला दुमडते, पुन्हा बाहेर येते, कोपऱ्यात वळसा घेते. इथे पावलं थोडी मंद करा, कारण या नाचातली मला सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट इथेच आहे. साखळी दुमडली की समोरून तिचाच दुसरा भाग येतो. एकेक चेहरा हातभर अंतरावरून सरकत जातो: शेजारी, मावशी, ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे तो, ज्याचा भाऊ गेल्या हिवाळ्यात समुद्रावरून परतला नाही तो. पूर्ण गोलात समोरचा माणूस समोरच राहतो, लांब. इथे मात्र रात्र संपेपर्यंत प्रत्येकाला प्रत्येकाच्या तोंडाकडे बघावं लागतं. पाहुण्यासारखं भिंतीला टेकून उभं राहायला जागाच नाही. तुमच्या समोरून आता कोण जातंय, ते मनात येऊ द्या. नजर वळवावीशी वाटली तर तेही बघा, आणि पावलं चालू ठेवा.

ऐका. ढोल नाही, सारंगी नाही. वाद्य म्हणून आहे ती जमीन. पन्नास-साठ माणसांचे पाय एका वेळी लाकडी फळ्यांवर पडतात, आणि त्यावर आवाज. गाण्याचा म्होरक्या, ज्याला तिथे शीपारी म्हणतात, कडवं उचलतो. ध्रुवपदाला सगळे मिळतात. गाणी म्हणजे लांबलचक कथागीतं, काही शेकडो कडव्यांची. सिगुर्द नावाच्या वीराची कथा त्यांत सर्वांत प्रसिद्ध: लोहार तलवार घडवतो, सिगुर्द सोन्यावर बसलेल्या अजगराला मारतो, पुढे प्रेम, कपट, सूड. गंमत म्हणजे अजगर मरो की नायक मरो, पावलं तीच. दोन डावीकडे, एक उजवीकडे. फक्त लढाईत पाय जोरात आपटतात आणि शोकाच्या जागी आवाज उतरतो. तुमच्याही मनात या वेळी काही चालू असेल, हलकं किंवा जड. त्यासाठी पाऊल बदलू नका.

एवढं पाठ कसं राहायचं? भोंडल्याच्या फेरात फिरलेल्यांना हे फार सांगावं लागणार नाही: पुढची ओळ आपल्याला आठवत नसते, पण शेजारणीच्या तोंडून तिचा पहिला शब्द निघाला की आपलंही तोंड उघडतं. शेकडो कडवी कुणा एकाकडे पूर्ण असतीलच असं नाही. ती फेरात असतात. आणि फॅरोच्या बाबतीत या फेरावर फार मोठा भार होता. 16व्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर चर्चची आणि कायद्याची भाषा डॅनिश झाली. लोकांच्या बोलीला पुढची तीनशे वर्षं लेखनाचे ठरलेले नियमच नव्हते. 1781-82 मध्ये येन्स क्रिस्तियन स्वाबो यांनी गाणी उतरवून घेतली, तीही ही भाषा आता फार दिवसांची नाही अशा समजुतीने. 1817 मध्ये लुंग्बी नावाचे डॅनिश धर्मोपदेशक समुद्री शेवाळाचा अभ्यास करायला आले आणि शेवाळाबरोबर गाणीही घेऊन गेले. 1822 मध्ये त्यांनी छापलेली सिगुर्दची गीतं हे फॅरोईज भाषेतलं पहिलं छापील पुस्तक. हामर्सहाइंब यांनी लेखनपद्धती ठरवली ती 1846 मध्ये. तोवर भाषा टिकली ती घरातल्या बोलण्यात आणि हिवाळ्यातल्या या नाचात. 1948 च्या स्वशासन कायद्याने ती बेटांची मुख्य भाषा झाली.

हे ऐकून फेराबद्दल मन भरून येत असेल, तर थोडं थांबा. अर्थात पाय थांबवू नका.

याच फेरात टवाळीचीही गाणी होत. गावातल्या एखाद्याने काही मूर्खपणा केला, कंजूषपणा केला, प्रेमात तोंडघशी पडला, की कुणीतरी त्यावर कडवी जुळवी. जुन्या नोंदी सांगतात की मग त्या माणसाला नाचात घेत, दोन दांडगे गडी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरत आणि गाणं संपेपर्यंत सोडत नसत. त्यालाही पावलं टाकावीच लागत. दोन डावीकडे, एक उजवीकडे, आणि समोरून एकेक हसरा चेहरा.

तुमच्या हातातले हात पुन्हा तपासा. आपण धरलंय की आपल्याला धरून ठेवलंय, हे सांगता येतंय का? पकड थोडी सैल करून पाहा. मग आठवा: आपण कधी त्या दोन गड्यांपैकी होतो का? मला वाटतं, बहुतेकांना इथे एखादा प्रसंग आठवतो. तो आठवला की त्या माणसाचा चेहरा समोरून जाऊ द्या, घाईने पुढे ढकलू नका. फेर उबेचाही असतो आणि जाचाचाही. खोली तीच, पाऊलही तेच.

आजही दर वर्षी 28 आणि 29 जुलैला राजधानी टोर्शहाउनमध्ये संत ओलाव यांचा उत्सव भरतो. मध्यरात्री लोक रस्त्यावर जमून एकत्र गातात आणि मग साखळी सुरू होते. उन्हाळ्यातलं आकाश, काळोख अर्धामुर्धा, आणि कुणी येन्स क्रिस्तियन यूर्हूस या शेतकऱ्याने रचलेलं राजाच्या युद्धनौकेचं गीत उचलतं. त्याची कडवी 86.

ते संपतं, पण फेर लगेच मोडत नाही. पाय चालू राहतात आणि पुढचं गाणं कोण उचलतंय याची वाट बघतात. म्होरक्या काही नेमलेला नसतो. ज्याला पाठ आहे तो. तुम्हाला जे पाठ असेल ते उचला, ध्रुवपद मात्र शेजाऱ्याला जमेल असं हवं. आणि निदान दहा-बारा कडवी असू द्या. दोन कडव्यांत पाय तापत नाहीत.