गाळातले बद्ध आणि मुक्त

उमरखेड तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. पलीकडे मराठवाडा. अशा नदीकाठी विसर्जनाचा अर्थ सरळ असतो: मातीचा आकार मातीला परत.

पण मूर्तीच्या रंगात शिसे असेल तर ते कुठे परत जाते? शिसे कुजत नाही, नष्ट होत नाही; ते तळाच्या गाळात बसते. दगडी देवांवर तेलात कालवून चढवला जाणारा पारंपरिक शेंदूर हाही शिशाचाच ऑक्साइड.

गाळात धातू किती, एवढे मोजून भागत नाही. १९७९ साली टेसिए आणि सहकाऱ्यांनी गाळातल्या धातूचे पाच वाटे पाडले: सहज सुटणारा, कार्बोनेटला चिकटलेला, लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांत अडकलेला, सेंद्रिय द्रव्याने धरलेला आणि खनिजात पक्का बसलेला. पुढे युरोपात सुटसुटीत पद्धत आली. तिची पहिली पायरी घरगुती वाटावी अशी आहे. १ ग्रॅम सुका गाळ, ४० मिलिलिटर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, आणि १६ तास हलवत ठेवणे. एवढ्यानेच जे सुटले, ते उद्या मासळीत आणि विहिरीत उतरू शकते.

समर्थांनी दासबोधात बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध अशी माणसाची चढण सांगितली. गाळात ती उलटी आहे. इथे बद्ध राहिलेलाच निरुपद्रवी, मुक्त झालेला घातक.

म्हणून विसर्जनाचा प्रश्न श्रद्धेच्या आतलाच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना कृत्रिम तलाव सुचवतात. तलाव रिकामा झाल्यावर तळाशी उरलेला रंगीत गाळ मात्र कुणीतरी ओंजळीत घेऊन तपासायला हवा.